खुन्याचं नाव उलटं छापावं

माणसाने आपलं मत आपल्यापाशी ठेवावं, असं माझी आई म्हणायची. ती स्वतः मात्र शेवटपर्यंत कुणाच्या पडद्यांचा रंग कसा चुकला ते गावभर सांगत होती, म्हणून तो उपदेश मी फारसा मनावर घेतला नाही. घेतला असता तर दर सोमवारी सकाळी कचऱ्याच्या डब्याशेजारी तोंड पाडून उभं राहायची पाळी माझ्यावर आली नसती.

मूळ प्रकरण अर्ध्या पानाचं. आमच्या स्कॅल्बरी गावाच्या चर्चचं एक मासिक निघतं. सोळा पानं, त्यातली चार जाहिरातींची: धुराडी साफ करणारा, कुत्र्यांचे केस कापणारी, आणि अंत्यविधीची व्यवस्था बघणारे दोन प्रतिस्पर्धी, समोरासमोरच्या पानांवर. त्यात खतावर अर्धं पान लिहिणारे गृहस्थ मुलीकडे कॉर्नवॉलला राहायला गेले आणि ती जागा रिकामी पडली. आमच्या पाद्रीणबाई, रेव्हरंड गिलियन, प्रार्थनेनंतरच्या कॉफीच्या वेळी मला म्हणाल्या, "माल्कम, तुम्ही टीव्ही पुष्कळ बघता ना? मग त्यावरच लिहा की." आता यात 'पुष्कळ' हा शब्द कशाला हवा होता ते मला अजून कळलेलं नाही. पण मी एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिलेली आहेत. माझं एक उत्तर वाचून एका बाईंनी पाणी गढूळ असूनही तक्रार मागे घेतली होती. निवृत्त झाल्यावर ही लेखणी नुसती वाणसामानाच्या यादीवर झिजत होती, म्हणून मी हो म्हणालो.

बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. नट हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात यावर कडक लिहा, असं पोस्टातल्या बाईंनी बजावलं. खाटकाने मालिकांमधली मांसाची दुकानं कशी खोटी असतात ते वीस मिनिटं सांगितलं. मागे रांग वाढत होती आणि रांगेतले लोक माझ्याकडे बघत होते. माझी बायको हिलरी एवढंच म्हणाली, "लिही, पण माझं नाव घेऊ नकोस." सगळ्यांत शहाणा सल्ला तोच होता.

मग मासिकाच्या समितीची बैठक. कुणीतरी मुद्दा काढला, की हा माल्कम शेवट फोडणार आणि ज्यांनी मालिका बघितली नसेल त्यांचा विरस होणार. यावर एक तास चाळीस मिनिटं चर्चा झाली. गेल्या वर्षी चर्चचं छप्पर गळत होतं, तेव्हा अकरा मिनिटांत आटोपलं होतं. शेवटी तोडगा ट्रेव्हरने काढला. ट्रेव्हर हा आमच्या मासिकाची पानं लावतो. पूर्वी जमीन मोजणीत होता, आणि अजून कुणाच्या घरी गेला की आधी भिंतीवरचं चित्र सरळ करतो आणि मग 'कसे आहात' विचारतो. तो म्हणाला, शब्दकोड्याची उत्तरं आपण पानाच्या तळाशी उलटी छापतो ना, तसा शेवटही उलटा छापू. ज्याला हवं तो मासिक फिरवून वाचेल. ठराव पास झाला. इतिवृत्तात नोंद आहे: 'खुन्याचं नाव उलटं छापावं.'

आता डोरीनबाईंबद्दल सांगायला हवं. खरं तर आधीच सांगायला हवं होतं, पण चुकीचं पाऊल पडलं तिथे जायला माणूस जरा रेंगाळतोच.

डोरीन टॅटरसॉल आमच्या शेजारच्या घरात राहतात. वय एक्याऐंशी, गुडघा एक नवा, एक जुना. आमच्या गल्लीत सोमवार हा कचऱ्याचा वार. एका आठवड्याला काळा डबा, पुढच्याला तपकिरी. आणि रविवारी नऊला टीव्हीवर मोठी मालिका. तेव्हा सोमवारी सकाळी सातला आम्ही दोघं आपापला डबा ढकलत फाटकाशी यायचो, झाकणावर कोपर टेकायचो आणि रात्रीच्या भागाची चिरफाड करायचो. अकरा वर्षं. त्यांचा नवरा रॉन असताना तोही गाऊन अडकवून यायचा आणि काहीही न बोलता मान हलवायचा. तो गेल्यावर दोन सोमवार डोरीनबाई आल्या नाहीत. तिसऱ्या सोमवारी आल्या आणि म्हणाल्या, "कालच्या भागात तो सरदार मेला ते एक बरं झालं." मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांचाही डबा ढकलला. त्यांची मुलगी कॅनडात. ती गुरुवारी फोन करते. बाकी आठवड्यात त्यांच्याशी चार वाक्यांपलीकडे बोलणारा मी एकटाच होतो, आणि माझ्याशी माझी मतं ऐकून घेत बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या. हिलरी ऐकते, पण विणताना टाके मोजत.

हल्ली मालिकेचे सगळे भाग एकदमच मिळतात. ज्याला धीर नाही त्याने एका बैठकीत संपवावी. ज्याला आहे त्याने दर रविवारी नऊला एकेक बघावा. डोरीनबाई धीरवाल्या. त्या आणि रॉन चाळीस वर्षं रविवारी नऊला आपापल्या खुर्चीत बसत आले, मधल्या स्टुलावर बिस्किटांचा डबा. रॉन गेला तरी वेळ तीच, स्टूल तेच. "औषधाची बाटली कुणी एकदम तोंडाला लावतं का रे?" असं त्या म्हणायच्या. मी मोठ्याने हो हो करायचो.

तर 'खाजणातला दिवा' ही सहा भागांची खुनाची मालिका एका रविवारी सकाळी आली. बाहेर पाऊस, आत मटण ओव्हनमध्ये. हिलरी म्हणाली, एक भाग बघू. संध्याकाळपर्यंत सहाही भाग संपले होते आणि मटणाचा कोळसा झाला होता. खुनी निघाली शाळेतली स्वयंपाकीण. खरं सांगतो, मला शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत पत्ता नव्हता. मी सारखा गुरांच्या डॉक्टरावर डोळा ठेवून होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला डोरीनबाई डब्यावर कोपर टेकवून म्हणाल्या, "स्वयंपाकीण. ती कस्टर्ड कशी ढवळत होती बघितलंस? मनात काही नसलेली बाई असं कस्टर्ड ढवळत नाही."

मी थक्क झालो. एका भागात, एका कस्टर्डवरून. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, की डोरीनबाई, धन्य आहे तुमची, आम्ही काल अधाशासारखे सगळे भाग बघितले आणि तुमचं बरोबर आहे. पण मग पुढचे पाच सोमवार काय बोलायचं? त्यांचा चेहरा असा खुलला होता, की माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, "छे हो. मला तर त्यातला पाद्रीच खुनी वाटतो." हे पहिलं खोटं. पहिलं खोटं बोलताना घशाला कोरड पडते. दुसऱ्याला तेवढी पडत नाही, आणि तिसऱ्याला तर आपण हातवारेसुद्धा करतो. तिसऱ्या सोमवारी मी एवढा रंगात आलो, की स्वयंपाकिणीला खुनाच्या दुपारी मोकळीकच कशी नव्हती ते मुद्द्यांसकट पटवून दिलं. "असेल बाबा," त्या म्हणाल्या, "तू म्हणतोस तर पाद्री असेल. माझं डोकं पूर्वीसारखं चालत नाही आता." यावर मी त्यांना धीरही दिला. देव मला क्षमा करो.

आणि मजकूर? तो तर पहिल्याच आठवड्यात, बुधवारीच देऊन बसलो होतो. वर सरळ अक्षरांत खाजणातल्या धुक्याचं कौतुक, आणि तळाशी उलटं छापायच्या परिच्छेदात लिहिलं होतं: 'चाणाक्ष प्रेक्षकाला पहिल्याच भागात स्वयंपाकिणीचा संशय येतो. मनात काही नसलेली बाई असं कस्टर्ड ढवळत नाही. मी तर तेव्हाच ओळखलं. ज्यांना सहाव्या भागापर्यंत कळलं नाही त्यांनी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.' लिहिताना ते वाक्य माझंच वाटत होतं. चांगलं वाक्य कानावर पडलं की माणसाला तसं वाटतं.

चौथ्या सोमवारनंतरच्या शनिवारी मी चर्चच्या सभागृहात खुर्च्या लावायला गेलो. ट्रेव्हर मासिकाची प्रत घेऊन हसत आला. "माल्कम, तुझी अब्रू वाचवली बघ. तुझा एक परिच्छेद चक्क उलटा आला होता. मी तो सरळ केला, आणि खाली दिसत नव्हता म्हणून वर चौकटीत घेतला, ठळक अक्षरांत." मी त्याला ठरावाची आठवण करून दिली. तो ठराव त्यानेच मांडला होता. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, ठराव आपल्या जागी, पण प्रत्यक्ष पानावर उलटी अक्षरं दिसली की हात थांबत नाही. मी फक्त विचारलं, आमच्या गल्लीत मासिक वाटून झालं का. दहा मिनिटांपूर्वी, तो म्हणाला.

मी धावलो. सदुसष्टाव्या वर्षी स्कॅल्बरीचा चढ धावत चढणारा माणूस बघून लोक दाराबाहेर आले. डोरीनबाईंच्या दाराशी पोहोचलो तर दारातल्या पत्रांच्या फटीत मासिकाचं टोक अजून दिसत होतं. आता शहाण्या माणसाने ते चिमटीत धरून अलगद ओढलं असतं. मी घाईत धक्का दिला आणि ते आत सरकलं. मग मी हात घातला. फटीला आतून वारा अडवायला दाट ब्रश लावलेले, वर स्प्रिंगची झडप, आणि माझ्या मनगटावर निवृत्तीच्या वेळी कचेरीने दिलेलं घड्याळ. हात गेला, मासिक बोटांना लागलं, आणि हात तिथेच बसला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मागे दोन-चार मंडळी जमली. खाटकाच्या बायकोचं मत लोण्याचं पडलं. टपालवाला म्हणाला, लोणी नको, भांड्यांचा साबण. त्याचा अनुभव दांडगा होता. आणखी कुणी सुचवलं की अग्निशमन दलाला बोलवा, पण शनिवारी त्यांची कवायत असते. मी जमेल तेवढ्या रुबाबात उभा होतो. गुडघ्यावर बसून परक्या दारात हात अडकलेल्या माणसाचा रुबाब जेवढा असतो तेवढा होता.

तेवढ्यात आतून मासिकाला हिसका बसला. मी सोडेना. पुन्हा हिसका.

"कोण आहे?"

"मी. माल्कम."

"मग बेल वाजवायची सोडून हे काय चालवलंयस?"

"डोरीनबाई, ते मासिक वाचू नका. छपाईची चूक झालीय."

असं सांगितल्यावर कोण वाचणार नाही? मासिक माझ्या बोटांतून निसटलं. आत पानं उलटल्याचा आवाज आला. एक पान, दुसरं पान, मग आवाज थांबला. दाराच्या अलीकडे मी, पलीकडे त्या, आणि मध्ये माझा हात. तो त्यांना दिसत होता आणि मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि लाज हाताची नव्हती.

आतून त्या बोलल्या, अगदी हळू. "खुनी कोण ते कळलं, त्याचं काही नाही, माल्कम. पण तू चार सोमवार मला खेळवलंस. आणि माझं बरोबर होतं."

मग माझ्या मनगटावर काहीतरी थंड लागलं. लोणीच होतं. त्यांनी घड्याळाचा पट्टा सोडला, हात बाहेर ढकलला, आणि पाठोपाठ फटीतून घड्याळ बाहेर टाकलं. दार उघडलं नाही.

माफी मागायची तर कशी? मुरंब्याची बाटली पायरीवर ठेवली, ती परत आमच्या पायरीवर आली. मग वाटलं, गुन्हा छापून झाला तर माफीही छापूनच मागावी. पुढच्या अंकासाठी मी मनापासून चार ओळी लिहिल्या, की ती चतुराई माझी नव्हती, श्रीमती टॅटरसॉल यांची होती, आणि मी खोटं बोललो. पण ट्रेव्हरला समितीने मागच्या प्रकाराबद्दल समज दिली होती. त्यामुळे या वेळी त्याने माझा सगळा मजकूर, नावासकट, काळजीपूर्वक उलटा छापला. गावातले लोक मासिक फिरवून माझी माफी वाचत होते आणि विचारत होते, यात खुनी कोण?

डोरीनबाईंनी वेळ बदलली. त्या डबा रविवारी दुपारीच बाहेर ठेवू लागल्या. सोमवारी सातला मी एकटाच कोपर टेकून उभा. एकदा हिलरीने खिडकीतून विचारलं, कुणाची वाट बघतोयस? मी म्हणालो, कचऱ्याच्या गाडीची. तिने पडदा ओढून घेतला. मी फार वाईट वागलो होतो आणि ते तिलाही माहीत होतं.

मग एका रविवारी त्यांच्या डब्यावर नगरपालिकेची पिवळी चिठ्ठी चिकटली: सोमवारी सकाळी सहाच्या आधी डबा रस्त्यावर ठेवू नये. अख्ख्या गल्लीला वाटलं, तक्रार माझीच. मी नगरपालिकेला फोन केला, की तक्रार मी केलेली नाही असं लेखी द्या. तिकडच्या मुलीने सांगितलं, न केलेल्या तक्रारीचा दाखला द्यायला त्यांच्याकडे अर्ज नाही. पण त्या चिठ्ठीमुळे एक झालं. डोरीनबाईंना पुन्हा सोमवारी सकाळी यावं लागलं. दोन सोमवार त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. तिसऱ्या सोमवारी, पाठ तशीच ठेवून, म्हणाल्या, "अस्वलांचं बघतोस का?"

'अस्वलांची गादी' ही नवी अद्भुत मालिका. हरवलेला राजा, बोलणारी अस्वलं, धुरातून भविष्य बघणाऱ्या म्हाताऱ्या. डोरीनबाईंना असलं फार आवडायचं. मी मात्र जाणत्या माणसांनी बोलणारी अस्वलं बघू नयेत, असं मासिकात छापून बसलो होतो. तरी म्हणालो, बघतो. आणि शपथ घेतली: दर रविवारी नऊला एकच भाग.

पाळली हो शपथ. आठ आठवडे. हिलरीने सगळे भाग मंगळवारपर्यंत संपवले आणि घरात अर्थपूर्ण गुणगुणत फिरू लागली, तेव्हा मी तिच्या गुणगुणण्यावर बंदी घातली. आणि काय सांगू, मला त्या अस्वलांचा लळा लागला. आठवडाभर मनात घोळायचं, आता काय होईल. सोमवारी मी सात वाजायच्या आधीच फाटकाशी. डोरीनबाई पुन्हा कोपर टेकवून बोलू लागल्या. तशा जपून, पण बोलू लागल्या. दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांना सांगितलं, तो नदीवरचा म्हातारा नावाडी आहे ना, तोच हरवलेला राजा. त्या म्हणाल्या, "वेडा आहेस. राजाचा हात असा वल्ह्यावर बसतो होय?" पाचव्या सोमवारपर्यंत त्यांनी मला इतकं पटवलं, की मी नावाड्याला सोडून लोहाराच्या मागे लागलो.

शेवटच्या रविवारी नावाड्याने टोपी काढली आणि अस्वलं त्याच्यापुढे वाकली. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. सकाळी पावणेसातलाच डबा घेऊन बाहेर पडलो.

"डोरीनबाई, नावाडीच निघाला. मी म्हणत होतो की नाही?"

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी आठही भाग पहिल्याच मंगळवारी बघितले."

मग आठ सोमवार आठवले. त्यांची मान हलवणं, लोहाराची बाजू घेणं.

"कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

"वाईट वाटलं."

"हं. मलाही असंच वाटलं होतं."

आता फिट्टंफाट झाली, हात पुढे करावा, असं माझ्या मनात आलं. पण त्यांचा चेहरा जिंकलेल्या बाईचा नव्हता. त्या डब्याच्या झाकणावरचं पाणी तळहाताने पुसत राहिल्या.

"तुला धडा शिकवायचा म्हणून बघितले रे सगळे," त्या म्हणाल्या. "आणि मग रविवारी नऊला खुर्चीत जाऊन बसले तर बघायला काही उरलंच नव्हतं. आठ रविवार नुसती रॉनच्या खुर्चीकडे बघत बसले. बिस्किटांचा डबासुद्धा उघडला नाही." मग त्या म्हणाल्या, "मला नाही जमत ते परत, माल्कम. आता मालिका लागली की वाटतं, सगळ्यांना शेवट माहीत आहे, मी एकटीच कशाला बसू?"

मी म्हणालो, आपण दोघं मिळून बघू, तुमच्याकडे, मी शपथ घेतो. त्यांनी मान हलवली, रॉन हलवायचा तशी, आणि त्या मानेतून हो की नाही ते कळलं नाही. गाडी आली, डबे उपडे झाले, गाडी गेली.

त्यांनी रविवारचा टीव्ही बंद केला आहे. मी लिहिणं सोडलं, आणि अर्ध्या पानावर आता पुन्हा खताची माहिती येते. सोमवारी आम्ही भेटतो, कोपरही टेकतो, आणि पुढच्या आठवड्यात काळा डबा की तपकिरी, यावर बोलतो. त्याचं वेळापत्रक नगरपालिकेने वर्षाच्या सुरुवातीलाच घरोघरी छापून दिलेलं आहे.